बायकोचा अंडरटोन

शेडमास्तरांच्या डोळ्यांना गुंगारा देईल असा रंग अजून जन्माला आलेला नाही! हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर एकदा म्हणत, नवीन असलं तर गिऱ्हाईक उठेपर्यंत म्हणत.

रंगाच्या दुकानात, अगदी मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या डब्यांच्या उतरंडीशेजारी त्यांचं टेबल होतं. लोक तिथे काय काय घेऊन येत! कोणी पडद्याचा तुकडा आणे, कोणी भिंतीचा उडालेला पोपडा, कोणी आपल्या लाडक्या मांजराचा फोटो. मास्तर एकदा बघत, दोन थेंब काळा टाकत, अर्धा थेंब पिवळा टाकत, डबा घुसळत आणि म्हणत, "घ्या. तुमचं मांजर भिंतीवर चढलं तर पुन्हा सापडायचं नाही!" आणि स्वतःच पोट धरून हसत. गावातल्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला कोणती शेड दिली होती ते त्यांना इतक्या वर्षांनीसुद्धा थेंबांच्या हिशेबानं पाठ होतं.

"माणसाला नजर पाहिजे, नजर!" हे त्यांचं शेवटचं वाक्य. यानंतर गिऱ्हाईक उठतं.

अशा या नजरबाज माणसाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. मास्तरांनी ठरवलं, या वेळी बायकोला कानातले घ्यायचे. अगदी गुपचूप! तिच्या नकळत! डबी उघडली की बाई गारच पडली पाहिजे!

दागिन्यांच्या दुकानात काउंटरवर एक बाई होती. आवाज इतका हळू, की जणू शेजारच्या खोलीत कोणी अत्यवस्थ आहे.

"कशात दाखवू? सोनं, रोझ गोल्ड, व्हाइट गोल्ड, चांदी, प्लॅटिनम?"

"चेहऱ्याला शोभेल ते दाखवा."

"कोणाच्या चेहऱ्याला?"

"बायकोच्या."

"त्यांचा रंग कसा आहे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

"म्हणजे... चांगला आहे," ते शेवटी म्हणाले.

"उजळ? सावळा? गव्हाळ?"

"मधला."

"आणि अंडरटोन?" बाईंनी आणखी हळू विचारलं. "वरचा रंग कसाही असो, त्वचेखाली एक छटा असते. ती वॉर्म असेल तर सोनं खुलतं. कूल असेल तर चांदी, व्हाइट गोल्ड. उलटसुलट झालं तर चांगलं धडधाकट माणूस आजारी दिसतं."

अंडरटोन! मास्तरांना अंडरटोन शिकवणार! पण शिकवणारी समोर उभी होती आणि उत्तर मास्तरांकडे नव्हतं. घरी परत जाताना बसमध्ये डोळे मिटून त्यांनी बायकोचा चेहरा आठवून बघितला. शिवणयंत्राचा दिवा आठवला. त्या दिव्याखाली वाकलेला भांग आठवला. ओठांत धरलेल्या टाचण्या आठवल्या. टाचण्यांच्या मागे चेहरा असणार यात शंका नव्हती, पण तो काही केल्या येईना. मांजराचा रंग आठवत होता!

घरात दोघंच. पुढच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चाले: कोणाची पँट आखूड कर, कोणाचा झगा सैल कर, कोणाची चेन बदलून दे. मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. घराच्या चार भिंती चार रंगांच्या होत्या, कारण दुकानात गिऱ्हाइकानं नापसंत केलेला डबा मास्तर घरी आणत आणि रविवारी भिंतीला फासत. "रंगाला आपला दमडाही लागलेला नाही," हे ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत. एक भिंत शेवाळी होती, एक विटकरी, एक कोणत्या तरी बालवाडीनं परत केलेली पोपटी. चौथीच्या रंगाला नाव नव्हतं. ती बघून पाहुणे लवकर उठत.

काउंटरवरच्या बाईंनी अंडरटोन ओळखायच्या तीन चाचण्या सांगितल्या होत्या. मास्तरांनी दुसऱ्याच सकाळी पहिली घेतली.

"काय गं, उन्हात गेल्यावर तुला काय होतं?"

बायकोच्या हातातला चहाचा कप हवेतच थांबला. पंचवीस वर्षांत या माणसानं तिला 'काय होतं' असं कधी विचारलं नव्हतं.

"घाम येतो," ती म्हणाली.

"तसं नाही. लाल होतेस की काळवंडतेस?"

"का हो?"

"सहज. काही नाही. तू काळजी करू नकोस."

आता बघा, 'काळजी करू नकोस' हे वाक्य ज्या ज्या घरात उच्चारलं गेलंय, तिथे त्या क्षणापासून काळजी सुरू झालेली आहे! त्यातून मागच्याच महिन्यात तिला मशिनवर बसल्या बसल्या चक्कर आली होती. दवाखान्यात रक्त तपासायला दिलं होतं आणि निकाल विचारायला मास्तर एकटेच गेले होते. परत येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाले होते आणि वर्तमानपत्र उघडून बसले होते. खरंच सगळं ठीक होतं. पण ते वर्तमानपत्रामागून सांगितलं की कोणाला पटणार?

दुसरी चाचणी पांढऱ्या कापडाची. चेहऱ्याखाली पांढरंशुभ्र कापड धरायचं आणि चेहरा पिवळसर दिसतो की गुलाबी ते बघायचं. मास्तरांनी कपाटातून धुतलेली पांढरी चादर काढली, बायको खिडकीशी दोरा ओवत होती तिथे गेले आणि तिच्या गळ्यापर्यंत ती चादर ओढली.

"अहो, हे काय?"

"हनुवटी वर कर. बोलू नकोस. स्थिर राहा."

ती स्थिर राहिली. मास्तरांनी एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"पिवळी दिसतेस," ते पुटपुटले. "की भिंतीचा परिणाम आहे? नाही... पिवळीच."

चादरीची घडी करून ते दुकानात गेले. बायकोला त्या दिवशी सुईत दोरा ओवताच आला नाही.

तिसरी चाचणी सगळ्यात पक्की: मनगटाच्या शिरा. हिरवट दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल. त्यासाठी दिवसाचा उजेड हवा आणि बायकोला कळता कामा नये. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती खिडकीखाली आडवी झाली, डोळे मिटले, तसे मास्तर भिंग घेऊन मांजराच्या पावलांनी गेले आणि दोन बोटांनी तिचं मनगट उचलून उजेडात धरलं.

ती झोपली नव्हती. पापण्यांच्या फटीतून तिनं बघितलं, तर नवरा तिच्या हातावर असा वाकला होता, जसा घड्याळजी बंद पडलेल्या घड्याळावर वाकतो.

"अरे देवा!" मास्तर कुजबुजले. "इतक्या निळ्या! मला वाटलं नव्हतं..."

हात त्यांनी हळूच खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. दागिन्यांचं दुकान रविवारीही चालू असतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. घराच्या भिंतींना रंगाचे थर पुष्कळ होते, पण जाडी नव्हती. बायकोला पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू आला. अर्थात, फक्त मास्तरांच्या बाजूचा.

"हो, आत्ताच बघितलं मी. निळ्या आहेत. नुसत्या निळ्या नाहीत हो, जांभळ्याकडे झुकल्यात! ... हो ना, आता शंकाच नको. ... छे छे, तिला काहीच सांगितलेलं नाही. शेवटपर्यंत कळता कामा नये. ... मग किती दिवस म्हणता? ... पंधरा तारीख? नक्की ना? त्याच्या पुढे जायला नको! ... नाही, प्लॅटिनम-बिटिनम नको. आता एवढा खर्च करून काय उपयोग? ... वर फुलं? फुलं कशाला? ... बरं, थोडी घाला. पांढरीच असू देत."

"प्लॅटिनम-बिटिनम" तिला "पुढचं-बिढचं" असं ऐकू आलं. बाकी सगळं अगदी स्वच्छ.

ती रडली नाही. छताकडे बघत पडून राहिली. आधी तिच्या मनात आलं, की कोपऱ्यात गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत, त्यांना कोण टिपा मारणार? मग आलं, या माणसाला भात लावता येत नाही. आणि मग, अगदी सावकाश, नवराच मनात आला. हा माणूस हे सगळं एकट्यानं पोटात घेऊन फिरतोय! मला त्रास नको म्हणून! मी झोपल्यावर माझी नाडी बघतोय!

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याचं प्रेम जाणवलं, आणि तेही गैरसमजानं!

तुम्ही म्हणाल, सरळ उठून विचारायचं ना! पण त्या घरात विचारायची वहिवाटच नव्हती. काही विचारलं की मास्तर "बघू" म्हणत आणि तिथेच तो विषय भिंतीत चिणला जाई. तेव्हा तिनं विचारलं नाही. ती आवरायला लागली.

पहिल्यांदा तिनं गिऱ्हाइकांचे सगळे कपडे संपवून ज्याचे त्याला देऊन टाकले. नवीन काम घेईना; शाळेचे युनिफॉर्म आधी कबूल केले होते, तेवढे कापत राहिली. मग कपाट रिकामं केलं. चांगले कपडे शेजारणीला दिले, वापरलेले बोहारणीला. खिडकीतल्या कुंड्या खालच्या मजल्यावर गेल्या. आणि एका संध्याकाळी तिनं मास्तरांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"हे बघा, तांदूळ एक वाटी, पाणी दोन. लक्षात राहील?"

"मला कशाला लक्षात ठेवायचंय?"

"लागेल," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. "आणि गॅसचं बटण झोपताना बंद करायचं. किल्ल्या या खिळ्याला. तुमचे हिवाळ्याचे मोजे तिसऱ्या कप्प्यात."

त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मात्र नेहमीप्रमाणे भलत्याच खोलीत. ही आपल्याला सोडून चाललीय!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या ड्रायव्हरजवळ मन मोकळं केलं. ड्रायव्हर गाडीच्या मागच्या फळीवर बसून डबे मोजत होता. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको त्याला सोडून गेली होती, आणि तेव्हापासून या विषयात त्याचा शब्द दुकानात अखेरचा मानला जाई.

"कुंड्या दिल्या?" त्यानं विचारलं.

"दिल्या."

"मोजे कुठे आहेत ते सांगितलं?"

"सांगितलं."

"भात?"

"एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी."

ड्रायव्हरनं हातातला डबा खाली ठेवला आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी जायच्या आधी अंडं उकडायला शिकवून गेली. फार चांगली बाई होती हो."

त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं फिकट गुलाबी मागितल्यावर मास्तरांनी त्याला राखाडी दिला. गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर म्हणाले, "सवय होते."

झालं! एका छताखाली दोन माणसं सुतकी चेहऱ्यानं वावरू लागली. ती त्याच्याकडे बघून मनात म्हणे, बिचारा, कसा खचलाय! तो तिच्याकडे बघून मनात म्हणे, बघा, हिला जराही अपराधी वाटत नाही, उलट मायेनं वाढतेय! जेवताना चमच्यांचा आवाज तेवढा येई. तोही दोघं जपूनच करत.

अशात बायकोची थोरली बहीण येऊन दाखल झाली. या ताई म्हणजे आजारपणाच्या जाणकार. नातेवाइकांत कोणी शिंकलं तर ताई पिशवी भरत. कोणी खाटेला खिळलं तर स्वतःची उशी घेऊन येत. या खेपेला त्या उशी आणि पांघरूण दोन्ही घेऊन आल्या होत्या. बहिणीनं फोनवर फक्त "ताई, एकदा येऊन जा" म्हटलं होतं, पण ताईंना तेवढ्यात सगळं कळतं; उरलेलं त्यांनी आल्या आल्या तिच्याकडून काढून घेतलं.

बायको खाली दुकानात दूध आणायला गेलेली बघून त्यांनी मास्तरांना शिवणाच्या खोलीत गाठलं.

"भाऊजी, मला सगळं समजलंय!"

मास्तर दचकले. "काय समजलंय?"

"तुम्ही तिच्यापासून जे लपवताय ते! तिनं तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलं."

"अरेरे!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तिला कळलं? मग आता सगळी मजाच गेली!"

"मजा?" ताईंनी भिंतीचा आधार घेतला. शेवाळी भिंतीचा.

"मी किती जपून केलं होतं, ताई! म्हटलं, आधी कळू नये, एकदम काय तो धक्का बसावा!"

"धक्का! देवा! आणि... पंधरा तारीख खरी आहे?"

"खरी म्हणजे काय, मी ठणकावून सांगितलंय, एक दिवस उशीर चालणार नाही!"

"उशीर चालणार नाही?"

"लोकांना वेळेची किंमत नसते, ताई. पाठीस लागावं लागतं. पण आता तीच निघून चालल्यावर मी त्या वस्तूचं करू काय?"

ताईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या कापडांच्या गठ्ठ्यावर अशा बसल्या, की वरचा अस्तराचा तागा उलगडत थेट दारापर्यंत गेला. तेवढ्यात दूध घेऊन बायको आली. ताईंनी तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला, "खरं आहे गं! सगळं खरं आहे! आणि या माणसाला घाई झालीय!"

बायकोनं दूध ओट्यावर ठेवलं. ताईंना आत पाठवून दार लोटून घेतलं. मग मशिनवर झाकण घातलं आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली. मास्तरांना तिनं समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं, ज्यावर उभं करून ती लोकांच्या पँटची उंची घेई.

"मी तुमच्यावर रागावलेली नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण आता थोडेच दिवस राहिलेत, तर मनातलं बोलून घेते. मध्ये बोलू नका."

मास्तरांनी मान हलवली.

"या भिंती मला आवडत नाहीत. एकही नाही. लोक आपल्या घराला रंग निवडतात. मी पंचवीस वर्षं लोकांनी परत केलेल्या रंगांत राहिले. सकाळी डोळे उघडले की समोर ती पोपटी दिसते, आणि मला वाटतं, बालवाडीतल्या पोरांनीसुद्धा नको म्हटलं ते आपल्या वाट्याला आलं."

मास्तर काही बोलायला गेले. तिनं हात वर केला.

"कपड्यांच्या कारखान्यात मला कटिंगचं काम मिळत होतं. पहिल्या वर्षी. हाताखाली माणसं मिळणार होती. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही 'बघू' म्हणालात. तेव्हापासून मी बघतेच आहे."

स्टूल कुरकुरलं.

"तुमचे विनोद. मला एकाही विनोदावर हसू आलेलं नाही. तुम्ही सांगायला लागलात की मी खाली पडलेली टाचणी शोधते. माझे खांदे हलतात, तेव्हा तुम्हाला वाटतं मी हसतेय."

"मांजराचासुद्धा?" मास्तरांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तो तर सगळ्यात वाईट." ती थांबली. मग म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही. तुम्हाला नजर आहे असं सगळे म्हणतात. मला वाटायचं, एवढी नजर आहे, तर दिवसाकाठी एकदा चुकून आपल्यावर पडेल. ती माझ्या डोक्यावरून भिंतीवर जाते. पण गेले काही दिवस तुम्ही बघितलंत. चादर धरून बघितलंत, भिंग घेऊन बघितलंत. उशिरा का होईना. मला फार बरं वाटलं."

मास्तरांचा बांध फुटला. "जाऊ नकोस गं!"

"ते माझ्या हातात आहे का?"

"मग कोणाच्या हातात आहे? कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्याकडे निघालीस तो!"

बायकोनं चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं. मग डोळे वर वळवून हळूच म्हणाली, "त्याच्याकडेच जायचं शेवटी सगळ्यांना. वरच्याकडे."

"वरच्याकडे?" मास्तर स्टुलावरून उठले. "वरच्या मजल्यावरच्या त्या पेन्शनरकडे? त्याला दात नाहीत!"

"अहो, काय बोलताय! मी मरतेय!"

"कशानं?"

"ते तुम्हाला माहीत! डॉक्टरांशी तुम्ही बोललात!"

"मी? कुठल्या डॉक्टरांशी?"

"शिरा निळ्या पडल्यात म्हणालात! जांभळ्या म्हणालात! पंधरा तारीख म्हणालात! पांढरी फुलं म्हणालात!"

"अगं, ते कानातल्यांचं!" मास्तर ओरडले. "डबीवर लावायची कागदाची फुलं! निळ्या शिरांना व्हाइट गोल्ड शोभतं, हिरव्यांना सोनं!"

दारामागचे ताईंचे हुंदके एकदम थांबले.

बायकोनं आपलं मनगट वर केलं, बघितलं, आणि अंगठ्याला थुंकी लावून तो शिरेवरून फिरवला. निळा रंग फराटला.

"शाळेच्या युनिफॉर्मचं कापड," ती म्हणाली. "कच्चा रंग आहे. कापताना मनगटाला लागतो आणि शिरांच्या कडेनं बसतो. तुम्हाला कळलं नाही?"

मास्तरांना कळलं नव्हतं! शहरभराच्या भिंती ओळखणाऱ्या नजरेनं कापडाच्या रंगाला रक्त समजून दागिना बनवायला टाकला होता!

दार उघडलं. ताई बाहेर आल्या. डोळे पुसत होत्या, पण चेहरा पडला होता.

"म्हणजे काहीच नाहीये?" त्या म्हणाल्या. "मी रजा टाकून आलेय!"

कोणी हसलं नाही. अशा वेळी लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात, असा आपला समज असतो. बायको उठली आणि मोरीत जाऊन साबणानं मनगट घासत बसली. बराच वेळ घासत होती. जगणार असल्याचा आनंद तिला झाला नाही असं नाही, झाला. पण त्याच्या मागोमाग दुसरीच गोष्ट येऊन उभी राहिली. मरणारं माणूस खरं बोलतं आणि सुटतं. हिला खरं बोलून झाल्यावर त्याच माणसासाठी त्याच घरात रात्रीचा भात लावायचा होता.

तो तिनं लावला. ताई दुसऱ्या दिवशी उशी-पांघरूण घेऊन परत गेल्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. भांडण झालं असतं तर बरं, पण दोघंही अतिशय नम्रपणे वागत होते! "मीठ देता का?" "हो, हे घे." "धन्यवाद." घरात धन्यवाद! मास्तर विनोद सांगेनासे झाले. एकदा सवयीनं तोंड उघडलं, तोच बायकोच्या हातून टाचणी पडली. तिनं ती उचलली नाही, तशीच पडू दिली, आणि मास्तरांनी तोंड मिटलं. सकाळी त्यांना लवकर जाग यायला लागली. पडल्या पडल्या ते पोपटी भिंत बघत. खरंच वाईट होती. दुकानात कोणी डबा परत आणला की ते तो घरी न नेता उतरंडीमागे ढकलत.

पंधरा तारखेला मात्र दोघं मिळून दागिन्यांच्या दुकानात गेले. कानातले तयार होते. सांगितलेल्या दिवशी! काउंटरवरच्या बाईंनी कागदी फुलांची डबी उघडली, एक कानातला चिमटीत धरला, बायकोच्या कानाशी नेला आणि तशाच थांबल्या.

"यांची भोकं बुजलीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मास्तरांनी बायकोच्या कानाकडे बघितलं. पाळी कोरी होती. भोकाच्या जागी जुन्या देवीच्या व्रणासारखी बारीक खूण तेवढी राहिली होती.

"कधी बुजली?" त्यांनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली. मशिनवर वाकलं की कानातले कापडात अडकायचे. काढून ठेवले, ते राहूनच गेले."

बाईंनी मग तिचं मनगट दिव्याखाली धरलं. "आणि यांच्या शिरा तर स्पष्ट हिरव्या आहेत! पक्का वॉर्म टोन. हे व्हाइट गोल्ड नकोच. आपण सोन्यात बदलून घेऊ. गळ्यातली चेन दाखवते." आणि त्यांनी निळ्या मखमलीवर सोन्याच्या चेनींची रांग मांडली.

बायकोनं एकेक लावून बघितली. खरोखर, चेहरा उजळला! मास्तरांनाही दिसलं. काउंटरवरच्या बाई तर समाधानानं पुढे झुकल्या. पण तिनं त्या काढून परत ठेवल्या.

"ती चांदीची दाखवा," ती म्हणाली.

"चांदी तुम्हाला नाही शोभणार हो," बाई कळकळीनं म्हणाल्या. "चेहरा ओढल्यासारखा दिसेल. आजारी वाटाल."

"चालेल. आजारी दिसलं की माणसं जरा बघतात."

बाईंना हे काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. त्यांनी काचेखाली ठेवलेल्या अंगठ्यांचं निरीक्षण सुरू केलं.

चांदीची बारीक चेन गळ्यात घालूनच ती दुकानातून निघाली. बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. चेहरा खरंच ओढलेला दिसत होता, आणि मास्तर तो बघत होते. बराच वेळ बघत होते. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं,

"त्या दिवशी जे बोललीस... ते सगळं बोलून झालं ना? की अजून काही राहिलंय?"

तिनं विचार केला. नीट, प्रामाणिकपणे विचार केला.

"राहिलंय," ती म्हणाली. "पण ते सांगायला खरंच मरावं लागेल."

मास्तरांनी दोन्ही तिकिटांची बारीक घडी घालून ती खिशात ठेवली, आणि उतरायला बराच अवकाश असताना उठून दाराशी जाऊन उभे राहिले.